डिफेन्स कोचची नोकरी म्हंजे नेमकं काय? बड फॉस्टरची ३३ वर्षं

४ जानेवारी २०१२ ला ऑरेंज बोल या अमेरिकन कॉलेज फुटबॉलच्या मॅचमध्ये क्लेम्सन कॉलेजच्या टीमने वेस्ट व्हर्जिनियाकडून ७० पॉइंट खाल्ले. सत्तर! त्यातले ४९ तर पहिल्या हाफमध्येच. मॅच ७०-३३ अशी हरले आणि काही दिवसांतच क्लेम्सनचा डिफेन्सिव्ह कोऑर्डिनेटर केविन स्टील याची नोकरी गेली. त्याच्या जागी ओक्लाहोमाहून ब्रेंट व्हेनेबल्स आला. तो तिथे तेरा सीझन होता, पण मुख्य कोच बॉब स्टूप्सचा सख्खा भाऊ माइक, जो आधी तिथेच डिफेन्स बघायचा, तो दुसरीकडून नारळ मिळून परत येत होता, मग आता एका घरात किती जण डिफेन्स चालवणार. व्हेनेबल्स क्लेम्सनला गेला, २०१६ आणि २०१८ च्या सीझनला क्लेम्सन देशात पहिलं आलं, आणि २०२१ च्या डिसेंबरमध्ये त्याच ओक्लाहोमाने त्याला हेड कोच म्हणून परत बोलावलं.

एकाची एका रात्रीत गेली, दुसऱ्याची भावामुळे अडचण झाली आणि शेवटी तोच जुन्या घरी मालक होऊन आला. अमेरिकेतल्या कॉलेज फुटबॉलमध्ये डिफेन्स कोचचं करियर साधारण असंच चालतं. फुटबॉल म्हंजे इथे हेल्मेटवाला, अंडाकृती बॉलचा अमेरिकन फुटबॉल, आपला मेस्सीवाला नव्हे.

खेळ माहीत नसेल तर गरजेपुरतं सांगतो. अकरा विरुद्ध अकरा, १०० यार्डांचं मैदान. ज्याच्याकडे बॉल आहे त्याला चार चान्स, त्या चारात दहा यार्ड पुढे सरकला तर पुन्हा नवे चार, नाही सरकला तर बॉल समोरच्याला. चौथ्या चान्सला बहुतेक वेळा बॉल लांब लाथाडून देतात म्हणून खरे चान्स तीनच धरा. शेवटच्या रेषेपार बॉल नेला की टचडाउन, त्याचे ६ पॉइंट आणि वर एक बोनस मारता येतो, आणि नुसती किक खांबांमधून घातली तर ३. एकाच टीमचे बॉल नेणारे अकरा वेगळे आणि अडवणारे अकरा वेगळे. दोघांच्या मीटिंगा वेगळ्या, कोच वेगळे, एकाच टीमचे असून आठवडाभर अर्धा वेळ एकमेकांशी बोलणं होत नाही. अडवणाऱ्या अकरांचा जो मुख्य तो डिफेन्सिव्ह कोऑर्डिनेटर. वर हेड कोच, खाली लाइनमनचा (अगदी पुढे उभे राहणारे), लाइनबॅकरचा (त्यांच्या मागची मधली फळी), मागच्या फळीचा असे एकेक पोझिशनचे कोच.

आता मला ज्याच्याबद्दल लिहायचंय तो बड फॉस्टर. व्हर्जिनिया टेकमध्ये १९८७ ते २०१९, एकाच कॉलेजात तेहेतीस सीझन. या धंद्यात हे जवळजवळ अशक्य आहे, आणि म्हणूनच त्याच्याकडे बघितलं की बाकीच्यांचं करियर कसं चालतं तेही कळतं.

सुरुवात सगळ्यांची सारखीच होते. कॉलेजात खेळायचं, पुढे प्रोफेशनल खेळण्याइतके आपण भारी नाही हे कळलं की त्याच किंवा दुसऱ्या कॉलेजात ग्रॅज्युएट असिस्टंट म्हणून चिकटायचं. नावाला मास्टर्स करायचं आणि थोडक्या पैशात कोचिंग स्टाफचं पडेल ते काम करायचं. काम काय, तर समोरच्या टीमच्या मॅचचे व्हिडिओ कापायचे, प्रत्येक प्लेची, म्हंजे एकेका चान्सला झालेल्या डावाची, नोंद करायची, कितवा चान्स, किती यार्ड हवेत, बॉल मैदानाच्या कुठल्या बाजूला, कोण कुठे उभा, आणि मग काय केलं. शेकडो प्ले. त्यातून शेवटी एक ओळ निघते, की हे लोक तिसऱ्या चान्सला तीन यार्ड हवे असतील तर दहातले सात वेळा उजवीकडे पळतात, वगैरे. ती ओळ कोऑर्डिनेटरला द्यायची. शिवाय प्रॅक्टिसमध्ये आपलीच राखीव पोरं समोरच्या टीमचं सोंग घेऊन खेळतात, त्यांना दाखवायला प्रत्येक प्लेचं चित्र कार्डावर मार्करने काढायचं, तेही याचंच काम. झोप नाही, पगार नाही, नाव नाही. पण हा खेळ शिकायची याहून चांगली शाळा नाही असं सगळेच जुने कोच म्हणतात आणि मला ते पटतं, कारण दुसऱ्याच्या चुका इतक्या जवळून बघायला पुन्हा कधी मिळत नाहीत.

फॉस्टर केंटकीतल्या मरे स्टेट नावाच्या छोट्या कॉलेजात खेळला. तिथे डिफेन्स बघायला फ्रँक बीमर नावाचा कोच होता. १९८१ ला बीमर तिथलाच हेड कोच झाला आणि फॉस्टर त्याच्याकडे ग्रॅज्युएट असिस्टंट म्हणून लागला, मग पोझिशन कोच. १९८७ ला बीमरला त्याच्या स्वतःच्या कॉलेजने, म्हंजे व्हर्जिनिया टेकने बोलावलं आणि सत्तावीस वर्षांचा फॉस्टर लाइनबॅकर कोच म्हणून मागोमाग गेला. इथे एक गोष्ट लक्षात घ्या, कारण ती सगळीकडे दिसते. कोचची नोकरी कॉलेजशी कमी आणि माणसाशी जास्त बांधलेली असते. हेड कोच वर गेला की तो आपली चार-पाच माणसं घेऊन जातो, हेड कोचला काढलं की तीच चार-पाच माणसं, त्यांची काही चूक असो नसो, त्याच संध्याकाळी फोन फिरवायला लागतात. त्यामुळे पंचविशीत तुम्ही कोणाच्या हाताखाली लागलात यावर पुढची तीस वर्षं ठरतात. फॉस्टरचं नशीब असं की त्याचा माणूस तब्बल एकोणतीस सीझन एका जागी टिकला.

आणि तो टिकेल असं सुरुवातीला कोणालाही वाटलं नसणार. १९८७ ला दोन जिंकल्या नऊ हरल्या, १९८८ ला तीन जिंकल्या आठ हरल्या, आधीच्या कारभारामुळे एनसीएएचे (कॉलेज खेळ चालवणारी संस्था) निर्बंध डोक्यावर, म्हणजे स्कॉलरशिपा कमी. १९९२ ला पुन्हा दोन जिंकल्या, आठ हरल्या, एक बरोबरीत. आजच्या काळात असा हेड कोच दिवाळीच्या आधी घरी असता. टेकने ठेवला. १९९३ पासून गाडी जी रुळावर आली ती फॉस्टर असेपर्यंत एकही वर्ष बोल गेम चुकला नाही, सलग सत्तावीस. बोल गेम म्हंजे सीझन बरा गेला की डिसेंबर-जानेवारीत मिळणारी बक्षिसाची मॅच.

फॉस्टरला कोऑर्डिनेटर व्हायला १९९५ उजाडलं, तेही अर्धं पद, रॉड शार्पलेस नावाच्या दुसऱ्या कोचबरोबर वाटून. त्या वर्षी पहिल्या दोन मॅच हरले आणि पुढच्या सगळ्या जिंकले, शेवटी शुगर बोलमध्ये टेक्ससला २८-१० ने हरवलं. याच सीझनला तो डबा आला. शार्पलेसच्या सासूबाईंना कुठूनतरी कोळसा खाणीतल्या कामगाराचा जुना, पोचे पडलेला, पत्र्याचा जेवणाचा डबा मिळाला होता, तो त्यांनी जावयाला दिला आणि या दोघांनी तो डिफेन्सचं चिन्ह करून टाकला. कामाला जाताना कामगार डबा घेऊन जातो, तसं तुम्ही रोज कामावर यायचं, एवढाच अर्थ. आत त्या आठवड्याची टार्गेटं ठेवायची, आणि ज्या पोराने घाम जास्त गाळला त्याच्या हातात डबा द्यायचा, तो मिरवत मैदानात आणायचा. व्हर्जिनिया-वेस्ट व्हर्जिनियाचा तो सगळा डोंगराळ पट्टा खाणकामगारांचा, त्यामुळे तिथल्या लोकांना हे वेगळं समजवावं लागलं नाही. खरं सांगायचं तर असले मोटिवेशनचे प्रकार प्रत्येक टीम करते आणि त्यातले नव्वद टक्के दोन वर्षांत अडगळीत जातात. हा टिकला, कारण डिफेन्स खरंच तसं खेळत होतं. पुढच्या वर्षी शार्पलेस गेला आणि १९९६ पासून सगळं फॉस्टरकडे.

व्हर्जिनिया टेक ज्या गावात आहे ते ब्लॅक्सबर्ग आपल्याकडून एमएसला गेलेल्या बऱ्याच पोरांना माहीत असतं. १६ एप्रिल २००७ ला तिथे कॅम्पसवर गोळीबार झाला आणि ३२ जण मारले गेले, त्यात मुंबईहून शिकायला गेलेली एक मुलगी होती आणि भारतातून जाऊन तिथे बरीच वर्षं शिकवणारे एक प्राध्यापक होते. त्या सीझनला टीम मैदानात उतरली तेव्हा डब्यात त्या ३२ जणांची नावं होती.

आता प्रत्यक्ष कामाकडे येऊ. मॅच शनिवारी. रविवारी सकाळपासून कालचा व्हिडिओ, कोण कुठे चुकला त्याचे मार्क, आणि दुपारपर्यंत पुढच्या टीमचा व्हिडिओ सुरू. सोमवारपर्यंत साधारण प्लॅन. मंगळवार-बुधवार दणकून प्रॅक्टिस, गुरुवारी हलकी उजळणी, शुक्रवारी प्रवास. ही पोरं विद्यार्थी आहेत, नियमाने त्यांना आठवड्याला वीस तासांच्या वर सक्तीने राबवता येत नाही, त्यामुळे कोच कितीही हुशार असला तरी तो पोरांना वीस तासांत जेवढं शिकवता येईल तेवढाच हुशार. कितीतरी कोऑर्डिनेटर इथेच मार खातात. फळ्यावर अफलातून प्लॅन काढतात, शनिवारी अकरातला एक पोरगा विसरतो, आणि एक विसरला की टचडाउन.

मॅचमध्ये साधारण ६० ते ८० वेळा तुम्हाला ठरवावं लागतं. दोन प्लेच्या मध्ये चाळीस सेकंदांचं घड्याळ, पण डिफेन्सवाल्याला ते पूर्ण मिळत नाही, कारण समोरचा कोणती माणसं आत पाठवतोय ते बघून मग तुम्ही तुमची माणसं आणि डाव ठरवणार. म्हंजे हातात दहा-पंधरा सेकंद. किती जण पुढे धावून क्वार्टरबॅकवर, म्हंजे बॉल फेकणाऱ्या मुख्य गड्यावर, तुटून पडणार, किती मागे थांबून त्याने हवेतून फेकलेला पास अडवणार, कोण कोणत्या फटीचा मालक. समोरच्या लाइनमधल्या दोन माणसांमध्ये जी जागा असते ती फट, पळणारा तिथूनच घुसतो, म्हणून प्रत्येक फटीला आपला एक माणूस लागतो, दोन एकाच फटीत गेले की दुसरी उघडी. हे सगळं मैदानातल्या पोरापर्यंत पोचवायचं कसं, तर हाताच्या खुणा. कॉलेजमध्ये एका खेळाडूच्या हेल्मेटमध्ये रेडिओ चालतो तो २०२४ पासून, फॉस्टरची सगळी कारकीर्द हातवाऱ्यांवर गेली. लाख प्रेक्षक ओरडतायत आणि हा बाजूला उभा राहून कान ओढतोय, छातीवर थापा मारतोय. (व्हेनेबल्स तर क्लेम्सनला असताना भान हरपून मैदानातच घुसायचा, त्याचा पट्टा धरून मागे ओढायला एक माणूस वेगळा ठेवला होता. खोटं नाही सांगत.)

फॉस्टरची पद्धत म्हंजे आठ माणसं बॉलच्या जवळ, समोरच्याला पळूच द्यायचं नाही, मग तो चिडून पास टाकेल आणि आपण तुटून पडायचं. त्याच्याकडे काही पोझिशन अशा होत्या, रोव्हर म्हणा, व्हिप म्हणा, जिथे माणूस अर्धा लाइनबॅकर अर्धा मागच्या फळीतला. अशी पोरं तयार मिळत नाहीत, घडवावी लागतात. कॅम चान्सलर नॉरफोकच्या शाळेत क्वार्टरबॅक होता, टेकने त्याला मागच्या फळीत टाकलं, नंतर सिॲटलबरोबर तो सुपर बोल, म्हंजे प्रोफेशनल लीगची फायनल, जिंकला. पोरं हेरून आणणं हेही असिस्टंट कोचचंच काम असतं, प्रत्येकाला इलाखा वाटून दिलेला असतो, आणि टेकचं सोनं म्हंजे समुद्राकाठचा नॉरफोक, न्यूपोर्ट न्यूज, चेसपीक हा पट्टा. मागच्या फळीतला डीअँजेलो हॉल तिथला, क्वार्टरबॅक मायकेल विकही तिथला. एका फुलर घराण्यातले चार सख्खे भाऊ टेककडून खेळले, एकदा घरात पाय ठेवला की सोडायचंच नाही असा कारभार. आणि रिक्रूटिंग म्हंजे काय, सतरा वर्षांच्या पोराच्या स्वयंपाकघरात बसून त्याच्या आईला आजीला पटवणं, फळ्यावरच्या खेळाचा त्याच्याशी काडीचा संबंध नाही, पण हे जमत नसेल तर कोऑर्डिनेटरपर्यंत पोचताच येत नाही.

१९९९ ला टेक एकही मॅच न हरता थेट राष्ट्रीय फायनलला पोचलं. विक बॉल नेणाऱ्या बाजूला होता, त्यामुळे सगळं कौतुक त्याचं झालं, पण त्या टीमचा डिफेन्स जबरदस्त होता, कोरी मूर नावाचा डिफेन्सिव्ह एंड (पुढच्या फळीतला टोकाचा गडी) त्या वर्षीचे मोठे अवॉर्ड घेऊन गेला. फायनल ४ जानेवारी २००० ला फ्लोरिडा स्टेटशी. तिसरा क्वार्टर संपला तेव्हा टेक २९-२८ ने पुढे. मग चौथ्यात फ्लोरिडा स्टेटने सलग १८ मारले. ४६-२९. अजून त्या मॅचबद्दल बोललं की लोक विकचं पळणं आठवतात आणि डिफेन्सचे ४६ आठवतात. पुढे २००५ आणि २००६ अशी सलग दोन वर्षं सगळ्यात कमी यार्ड देण्यात टेक देशात पहिलं आलं, आणि २००६ ला फॉस्टरला ब्रॉयल्स अवॉर्ड मिळालं, जे फक्त असिस्टंट कोचना देतात.

पण मला विचाराल तर त्याचं काम बघायची मॅच एकच, ६ सप्टेंबर २०१४, ओहायो स्टेटच्या घरच्या मैदानावर. ओहायोचा मुख्य क्वार्टरबॅक ब्रॅक्स्टन मिलर सीझनच्या तोंडावर जखमी, त्याच्या जागी जे. टी. बॅरेट, पहिल्याच वर्षाचा. ओहायोची ताकद मधून पळण्यात. फॉस्टरने काय केलं, तर बेअर नावाची जुनी रचना काढली. यात समोरच्या मधल्या तीन लाइनमनच्या थेट तोंडावर आपली माणसं उभी करायची, म्हंजे मधल्या फटी बंद. वर अजून लोक पुढे आणायचे. मग मागे कोण? मागे कोणीच नाही. कोपऱ्यातले कॉर्नरबॅक एकास एक, चुकले तर सावरायला पाठीमागे सेफ्टी, म्हंजे शेवटचा राखणदार, नाही. कबड्डीत कॉर्नरचा गडी रेडरची वाट न बघता स्वतःच घोट्यावर झेप घेतो ना, मिळाला तर रेडर तिथेच आडवा, निसटला तर सरळ मधली रेषा, तसंच. बॅरेटला सांगून टाकलं, पळायला जागा नाही, लांब फेकायला आहे, फेकून दाखव, तेही चारी बाजूंनी माणसं अंगावर येत असताना. त्याने २९ फेकले, ९ पोचले. सात वेळा तो बॉल हातात असतानाच खाली पडला, तीन पास टेकच्या पोरांनी हवेतच पकडले, त्यातला शेवटचा डोनोवन रायलीने ६३ यार्ड पळवून टचडाउन केला. ३५-२१. मध्ये एकदा २१-२१ बरोबरी झाली होती आणि लांबचे दोन-तीन पास लागलेही, म्हंजे जोखीम खरीच होती. पण ओहायोने हा डाव टेकच्या व्हिडिओत पाहिलेलाच नव्हता, कारण आख्खा उन्हाळा तो झाकून ठेवला होता, आणि मॅच चालू असताना पाच मोठ्या लाइनमनना नवीन काही शिकवता येत नाही.

ओहायो स्टेट त्यानंतर एकही मॅच हरलं नाही. जानेवारीत पहिलं प्लेऑफ जिंकून देशात पहिलं आलं. म्हंजे त्या वर्षीच्या चॅम्पियनला हरवणारी एकच टीम.

आणि त्या टीमचं काय झालं? पुढच्याच शनिवारी घरी ईस्ट कॅरोलायनाकडून २८-२१ हरले. बेअरचा उतारा ज्याच्याकडे आहे त्याच्यापुढे तो चालत नाही, आणि सारखा दाखवला की सगळ्यांकडे उतारा येतो. नोव्हेंबरमध्ये वेक फॉरेस्टविरुद्ध चारही क्वार्टर संपले तेव्हा स्कोअर ०-०. डिफेन्सने अख्ख्या मॅचमध्ये शून्य दिला, आणखी काय करायचं माणसाने? एक्स्ट्रा टाइममध्ये ६-३ ने हरले. तिथेही टचडाउन दिला नाही, दोन किक फक्त. सीझन ७-६.

म्हणूनच डिफेन्स कोचचे आकडे बघताना मला नेहमी शंका येते. त्याने किती पॉइंट दिले हे मोजतात, पण स्वतःच्या ऑफेन्सने, म्हंजे बॉल नेणाऱ्या अकरांनी, बॉल कुठे घालवला, तीन चान्समध्ये परत परत बाहेर येऊन डिफेन्सला किती वेळ उभं ठेवलं, हे त्या आकड्यात दिसत नाही. नोकरी मात्र त्या आकड्यावर जाते.

मग तो हेड कोच का झाला नाही? नाव दरवर्षी कुठे ना कुठे यायचं. २०१५ ला बीमर रिटायर झाला तेव्हा तर घरचीच खुर्ची रिकामी होती, टेकने मेंफिसहून जस्टिन फुएन्टे आणला, ऑफेन्सवाला. आजकाल कॉलेजांना पॉइंट करणारा हेड कोच हवा असतो, त्याने तिकिटं विकली जातात, देणगीदार खूश. नवा हेड कोच आपला डिफेन्सवाला बरोबर आणतो हा नियमच, पण फुएन्टेने फॉस्टरला ठेवून घेतलं, याहून मोठं सर्टिफिकेट मला तरी माहीत नाही. शिवाय हेड कोच झालं की डिफेन्स सुटतं. देणगीदारांची जेवणं, प्रेस, ज्या पोराने दारू पिऊन गाडी ठोकली त्याच्या आईबापाचा फोन, हेच दिवसभर. काही जण त्यातही डिफेन्स सोडत नाहीत, किर्बी स्मार्ट अलाबामाला हेड कोच निक सेबनच्या हाताखाली आठ सीझन डिफेन्स चालवून जॉर्जियाला गेला आणि २०२१, २०२२ दोन्ही चॅम्पियनशिपा घेतल्या. पण असे किती? चांगला नंबर दोन वाईट नंबर एक होतो हे कॉलेज फुटबॉलने शेकडो वेळा पाहिलंय.

आणि आता तर नंबर दोनलाच इतके पैसे मिळतात की घाई कशाला. जिम नोल्सचं बघा. आधी कॉर्नेलला हेड कोच, मग ड्यूकला डिफेन्स, मग ओक्लाहोमा स्टेट, २०२२ ला ओहायो स्टेट. २० जानेवारी २०२५ ला ओहायो स्टेटने फायनल जिंकली, आणि त्या जल्लोषाचे कागद झाडून व्हायच्या आत तो पेन स्टेटला, म्हंजे त्याच लीगमधल्या प्रतिस्पर्ध्याकडे गेला, वर्षाला सुमारे ३० लाख डॉलरवर. लोकांनी गद्दार म्हटलं. ऑक्टोबरमध्ये त्याला आणणारा हेड कोच जेम्स फ्रँकलिन सलग तीन हरल्यावर हाकलला गेला. म्हंजे नोल्सला पेन स्टेटमध्ये यायला एक वर्षही झालं नव्हतं आणि ज्याच्या भरवशावर आला तोच गेला. यात मला नोल्सचा राग येत नाही. कॉलेजं कोचला एका फोनवर काढतात, मग कोचने निष्ठा का दाखवायची.

फॉस्टरचा शेवट काही परीकथेसारखा नव्हता. खेळ बदलत गेला, मैदानभर पसरून झटपट पास टाकणारे ऑफेन्स आले, आठ जण पुढे उभे करायची चैन परवडेना, त्यानेही मागे पाच माणसं ठेवायला सुरुवात केली. २२ सप्टेंबर २०१८ ला ओल्ड डोमिनियन नावाच्या, तोपर्यंत त्या सीझनला एकही न जिंकलेल्या टीमने टेकला ४९-३५ हरवलं, तेही बेंचवरून आलेल्या क्वार्टरबॅकने ४९५ यार्ड पास टाकून. पुढच्या ऑगस्टमध्ये फॉस्टरने जाहीर केलं की हा शेवटचा सीझन. सप्टेंबरच्या शेवटी ड्यूकने घरी येऊन ४५ मारले, लोक म्हणाले वेळेवर चाललाय. मग नोव्हेंबरमध्ये जॉर्जिया टेकला ४५-०, आणि लगेच पुढच्या शनिवारी टेकच्या घरच्या मैदानावर, लेन स्टेडियममधल्या त्याच्या शेवटच्या मॅचला पिट्सबर्गला २८-०. सलग दोन मॅच शून्य, साठीतल्या माणसाचा डिफेन्स.

शेवटची मॅच ३१ डिसेंबर २०१९, बेल्क बोल, समोर केंटकी, ज्या राज्यात त्याचं करियर सुरू झालं. त्यांचे क्वार्टरबॅक जखमी म्हणून लिन बोडन नावाचा रिसीव्हर (एरवी पास पकडणारा गडी) क्वार्टरबॅक झाला होता, सगळ्या जगाला माहीत की हा पळणारच आहे, तरी २३३ यार्ड पळाला. आणि पंधरा सेकंद उरले असताना त्याच बोडनने पळायच्या ऐवजी पास टाकून टचडाउन केला, ३१-३०. मग टेकच्या ऑफेन्सने शेवटच्या धडपडीत बॉल हातातून सोडला आणि केंटकीच्या पोराने तो उचलून अजून सहा. ३७-३०. त्या सहाच्या वेळी डिफेन्स बाहेर बसलं होतं, पण रेकॉर्डमध्ये ३७ च लागतात.

त्याच्या जागी जस्टिन हॅमिल्टन आला, टेकचाच जुना खेळाडू, तो दोन सीझन टिकला, कारण २०२१ ला फुएन्टे गेला आणि बरोबर स्टाफ. मग हेड कोच म्हणून आला ब्रेंट प्राय, जो १९९५ ते ९७ मध्ये याच टेकला ग्रॅज्युएट असिस्टंट होता, फॉस्टरच्या हाताखाली व्हिडिओ कापणारा पोरगा, पुढे पेन स्टेटचा डिफेन्स गाजवलेला. लोकांना वाटलं जुने दिवस आले. १६ जिंकल्या, २४ हरल्या. १३ सप्टेंबर २०२५ ला घरच्या मैदानावर पुन्हा तेच ओल्ड डोमिनियन, ४५-२६, आणि दुसऱ्या दिवशी रविवारी, जेव्हा स्टाफ कालचा व्हिडिओ बघायला बसतो, त्याला काढलं.